दिंडोशीचे घर आणि गावचे शेत

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या ओसरीवर दोघे बापलेक आले. लेक हा आमचा जुना विद्यार्थी, सांप्रत मालाडकडे एका कारखान्यात फिटर आहे. बाप जन्मभर नांगरामागे चाललेला. बापाच्या काखेत पिशवी, पिशवीत एक गुळगुळीत रंगीत कागद, आणि कागदावर ढगाला टेकलेली इमारत. खाली गावाचे नाव होते दिंडोशी. बाप म्हणाला, "गुरुजी, रस्त्यात जमीन गेली, तिचे अडतीस लाख आले. पोरगा म्हणतो, तिकडे घर घेऊन भाड्याने देऊ. थोडे कर्ज काढू. घरबसल्या महिन्याला तीस हजार येतील. तुम्ही तेवढा हिशेब करून द्या."

शेतकरी बंधूंनो, हा प्रश्न त्या एका घरचा नाही. कोठे महामार्गात, कोठे धरणात, कोठे कारखान्याच्या वसाहतीत आपल्या जमिनी जात आहेत आणि एकरकमी पैसा घरी येत आहे. सुताराला, लोहाराला, कुंभाराला निवृत्त मुलाच्या फंडाची रक्कम हाती दिसते. असा पैसा आला की त्याच्या वासावर चार माणसे येतात, आणि हल्ली त्यांतले एक घर घेऊन भाड्याने द्या म्हणणारे असते. म्हणून त्या दिवशी ओसरीवर जो हिशेब झाला, तो येथे सर्वांसाठी मांडतो. आम्ही दलाल नाही आणि वकीलही नाही. परंतु बदल्यांच्या नोकरीत वीस वर्षे लोकांच्या खोल्यांत भाड्याने राहिलेले मास्तर आहोत. घरमालक कसा असतो आणि कसा असावा, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.

प्रथम दिंडोशी म्हणजे काय ते सांगू, कारण दुरून डोंगर साजरे. मालाड आणि गोरेगाव यांच्या पूर्वेस, द्रुतगती महामार्गाला लागून हा भाग आहे. पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, एका अंगास 1949 साली वसलेली आरे दूध वसाहत, दुसऱ्या अंगास 1977 साली सरकारने उभारलेली चित्रनगरी. दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा तेथे आहे, बसगाड्यांचा आगार आहे, आणि 2 एप्रिल 2022 पासून मेट्रोचे स्थानकही आहे. चित्रपटाच्या कामावरचे कारागीर, कचेऱ्यांत बसणारी तरुण मंडळी, कोर्टात येणारे वकील अशा लोकांना तेथे भाड्याची घरे लागतात. तेव्हा भाडेकरू मिळणार नाही असे कोणी म्हणत नाही. प्रश्न निराळा आहे. भाडेकरू जे देईल, ते आपण घातलेल्या पैशाला पुरे पडते काय?

आता पाटी-पेन्सिल घ्या. आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. ज्याने त्याने आपले आकडे घालावे.

घराची किंमत नव्वद लाख धरा. एवढ्यावर घर येत नाही. मुंबईत खरेदीखतावर मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे 5,40,000 रुपये. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर एक टक्का कमी, म्हणजे 90,000 वाचतात; घरच्या लक्ष्मीच्या नावे घर करण्याचा हा एक व्यवहारी लाभ. नोंदणी फी 30,000. एजंटाचा एक टक्का, 90,000. रंग, नळ, दारेखिडक्या यांना 1,40,000. बेरीज अठ्ठ्याण्णव लाख झाली. ही तुमची खरी किंमत. रंगीत कागदावरचा आकडा ही नव्हे.

आता उत्पन्न. महिना तीस हजार म्हणजे सालाचे 3,60,000. यातून सोसायटीचा मेंटेनन्स 42,000. घरात मालक स्वतः राहत नसला तर सोसायटी वेगळी आकारणी करते. ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये असा सरकारचा 2001 सालचा हुकूम आहे. तिचे तीन हजार धरा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, यात वर्षाकाठी एक महिना घर रिकामे धरावे: 30,000. एजंट नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचे भाडे घेतो. दोन वर्षांनी एकदा धरले तर सालाचे 15,000. डागडुजी 15,000. एकूण 1,05,000 वजा गेले. हाती राहिले 2,55,000.

अठ्ठ्याण्णव लाखांवर दोन लाख पंचावन्न हजार म्हणजे शेकडा किती? अडीच टक्क्यांच्या थोडे वर. तोच पैसा बँकेत मुदतीने ठेवला आणि सहा टक्के व्याज धरले, तर 5,88,000 येतात. प्राप्तिकर दोन्हीकडे लागू होतो. घरभाड्यावर कायद्याने तीस टक्के वजावट मिळते एवढा फरक. परंतु त्या वजावटीने अडीचाचे सहा होत नाहीत.

आणि येथवर आम्ही सर्व पैसा आपल्या घरचा धरला. त्या बापाकडे होते अडतीस लाख. उरलेले साठ लाख कर्ज. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता बावन्न हजारांच्या वर जातो. खर्च वजा जाता भाड्यातून हाती येतात 21,250. म्हणजे दरमहा तीस हजारांहून अधिक पदरचे घालायचे, आणि तेही वीस वर्षे! साठ लाखांच्या पोटी बँकेला एकंदर सुमारे एक कोटी पंचवीस लाख द्यायचे. घरबसल्या तीस हजार येणार होते; ते घरबसल्या तीस हजार जाऊ लागले. हा आकडा पाटीवर उतरला तेव्हा बापाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

नवशिक्याने एक सूत्र गाठीशी बांधावे: खर्च वजा जाता भाड्यातून जेवढा हप्ता निघेल, तेवढेच कर्ज त्या घरावर काढावे. वरच्या उदाहरणात 21,250 च्या हप्त्यात सुमारे साडेचोवीस लाखांचे कर्ज बसते. बाकी साडेत्र्याहत्तर लाख ज्याच्या घरी कर्जावाचून आहेत, त्याने दिंडोशीचे नाव घ्यावे. ज्याच्याकडे नाहीत, त्याने ते भरण्यासाठी उरलेले शेत गहाण टाकू नये. शेतावरचे पीक एक साल बुडते आणि पुढल्या साली येते. पण हप्ता थकला तर बँक घर नेते, आणि शेत तारण असेल तर शेतही अडकते.

लेक शिकलेला, तो गप्प कसा बसेल? तो म्हणाला, "गुरुजी, भाड्याचे सोडा. घराची किंमत वाढते, ती तुम्ही धरलीच नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. मेट्रो आली, रस्ते होत आहेत, मुंबईची घरे मागे वळून पाहिली तर महागच झालेली दिसतात. परंतु वाढलेली किंमत घर विकल्यावाचून खाता येत नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावा लागतो. वाढीच्या आशेवर ज्याला वीस वर्षे तग धरता येते, त्याच्यासाठी ती वाढ आहे. ज्याला मुलीच्या लग्नात किंवा दुखण्याखुपण्यात घाईने विकावे लागते, त्याची वाढ दुसराच कोणी खातो. आपल्या घरांत अडचण कोणत्या वेगाने येते, हे आम्ही तुम्हांस सांगावे असे नाही.

मग एजंट दुसरी वाट दाखवतो. म्हणतो, "इमारतीतले परवडत नाही ना? झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली घ्या, अर्ध्या किमतीत मिळेल. नोटरीवर करून देतो." येथे आपली माणसे हमखास फसतात. पुनर्वसनात फुकट मिळालेले घर ठराविक वर्षे विकण्यास आणि भाड्याने देण्यास कायद्याने मनाई आहे. अशा घराचा सौदा पकडला गेला तर पैसा देणारा आणि राहणारा दोघेही बाहेर पडतात. नोटरीच्या शिक्क्याने किंवा मुखत्यारपत्राने घराची मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट बजावले आहे. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने.

डोंगराच्या कुशीतली झोपडी घेऊन ती भाड्याने देण्याचा धंदाही त्या बाजूला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री मालाड पूर्वेस पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची भिंत पावसात कोसळली आणि तिच्याखाली तीसहून अधिक माणसे मेली. त्यांत खेड्यांतून पोट भरायला गेलेली कुटुंबे होती. अशा जागी माणूस ठेवून भाडे घ्यायचे, त्यापेक्षा तो पैसा न आलेला बरा.

ज्यांची ऐपत आहे, त्यांनीही कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा; हा कायदा 2016 सालचा, 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. त्याप्रमाणे करारनामा नोंदवल्यावाचून बिल्डरास दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि घराचे माप भिंतींच्या आतल्या चटई क्षेत्रावरच सांगावे लागते. इमारत जुनी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला, मागील सर्व खरेदीखतांची साखळी आणि जमिनीची मिळकत पत्रिका मागावी. डोंगरालगतच्या उपनगरांत जमिनीवर "खासगी वन" अशी नोंद निघाल्यामुळे मुलुंडसारख्या भागांतील हजारो कुटुंबे कैक वर्षे टांगणीस लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी निकाल दिला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. सौदा पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारात भरावयाचा असतो. तो विसरला की दंड घेणाऱ्यालाच.

घर घेतले आणि भाडेकरू आला. आता खरी शाळा सुरू होते. मुंबईत भाडे-नियंत्रणाचा कायदा पहिल्या महायुद्धाच्या वेळी, 1918 साली आला. पुढे 1947 चा मोठा कायदा आला. भाडी गोठली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडीचा चोरटा व्यवहार माजला. 1973 साली एक दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते, ते कायम भाडेकरू ठरले. तेव्हापासून मालकाच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती बसली, ती पुरती गेलेली नाही. पण 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे, आणि त्याने नवशिक्याची वाट सोपी केली आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवला, आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि उलटलेल्या दिवसांचे भाडे दुप्पट दराने मागता येते.

मात्र करार नोंदवला पाहिजे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही" असे जो सांगेल, त्याचे ऐकू नका. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तंटा उभा राहिला तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल तेच कोर्ट खरे धरते, मालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. आणि खर्च तो किती? चोवीस महिने, भाडे तीस हजार, डिपॉझिट एक लाख असे धरले तर मुद्रांक 1,850 रुपये आणि शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. एवढ्यासाठी लाखांचे घर उघड्यावर टाकणाऱ्यास काय म्हणावे! भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्यासही चुकू नये.

नोंदवलेला कागद ही आपल्या लोकांना नवी गोष्ट नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांनी मोल देऊन मिळवलेला आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खते जाळली. का जाळली? कारण खतात काय लिहिले होते, ते ज्याचा अंगठा होता त्यालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने गावोगावी दस्त नोंदवणारे नेमले, आणि सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असे बंधन घातले. ज्यांच्या वाडवडिलांनी पावतीसाठी एवढे सोसले, त्यांच्या नातवंडांनी मुंबईत घरमालक होऊन भाड्याची पावती देण्याचे टाळावे, ही लाजेची गोष्ट होय. सध्याच्या कायद्यानेही पावती देणे मालकावर बांधलेले आहे.

याच अंगाने एक गोष्ट स्पष्टच बोलतो. भाडेकरू ठेवताना त्याची नोकरी पाहा, मागल्या मालकाकडे चौकशी करा, डिपॉझिट घ्या; पण त्याची जात विचारू नका. आम्ही स्वतः एका गावी खोली मागायला गेलो असता मालकाने आधी आडनाव विचारले, मग गावचे नाव, मग घरात काय शिजते ते. आणि शेवटी खोली गेल्याच आठवड्यात दिली गेल्याचे सांगितले. ती खोली आम्ही चार महिने रिकामी पाहिली. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टर आंबेडकरांना 1917 साली बडोद्यास राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी खानावळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले, हे सर्वांस माहीत आहे. ज्या दारातून आपणांस परतवले, ते दार आपल्या मालकीचे झाल्यावर आपणही तसेच लावून घ्यायचे असेल, तर सावकार आणि आपण यांत फरक कोणता राहिला? शिवाय व्यवहार पाहा. जात पाहणाऱ्याचे घर रिकामे राहते, आणि रिकाम्या महिन्याचे भाडे कोणी देत नाही.

हे सर्व बोलून झाल्यावर आम्ही त्या लेकाला सहज विचारले, "तू स्वतः कोठे राहतोस?"

"कुरारला, गुरुजी. भाड्याची खोली आहे. बारा हजार देतो."

पाहा हा चमत्कार! लेक दुसऱ्याच्या खोलीत बारा हजार भाडे भरतो, आणि बाप साठ लाखांचे कर्ज काढून दुसऱ्याला राहायला घर घेणार! तेव्हा आम्ही त्याला दिंडोशीचीच दुसरी गोष्ट सांगितली. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या नागरी निवारा परिषदेने तेथे जमिनीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला, कोर्टात झगडली, आणि बेताच्या कमाईच्या लोकांनी सोसायट्या करून सुमारे सहा हजार घरे उभी केली. ती घरे भाडे खाण्यासाठी मागितलेली नव्हती; डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे म्हणून मागितलेली होती. आधी स्वतःचे छप्पर, मग भाड्याचे घर. लेकाने वाचवलेल्या बारा हजारांना रिकामा महिना नाही, एजंट नाही, आणि प्राप्तिकरही नाही. मुंबईत कायम राहायचे ठरले असेल तर आपल्या कमाईच्या बेताने, हवे तर विरारकडे किंवा बदलापूरकडे लहान घर घ्यावे, आणि त्यात राहावे.

आणि भाड्याचाच धंदा शिकायचा असेल तर तो घराजवळ शिकावा. त्या बापाची तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित मोकळी जागा आहे. समोर कॉलेज, पलीकडे सरकारी दवाखाना. तेथे नगरपंचायतीची परवानगी घेऊन दोन खोल्या बांधल्या, चौदा लाख खर्च धरला, आणि प्रत्येकीचे साडेचार हजार आले, तर सालाचे 1,08,000 होतात. खर्चाचे अठरा हजार वजा करा; नव्वद हजार राहतात. शेकडा सहाच्या वर पडले. जागेची किंमत यात धरलेली नाही, ती धरली तर टक्का उतरेल, हेही सांगून ठेवतो. पण कर्ज नाही, नळ गळला तर सायकलवर जाऊन पाहता येते, आणि भाडेकरू म्हणजे आपल्याच भागातली परिचारिका, तलाठी किंवा आमच्यासारखा एखादा बदलीचा मास्तर. दोन वर्षे हे सांभाळले की रिकामा महिना, थकलेले भाडे, करार, पावती हे सर्व अंगवळणी पडते. मग दिंडोशीचे नाव घ्यावे.

बाप उठताना म्हणाला, "आधी सोसायटीचे पीककर्ज फेडतो, मग विहीर, मग खोल्यांचे बघू." लेकाला हे रुचले नाही. पाच वर्षांनी दिंडोशीचे घर हाती लागणार नाही, असे तो जाता जाता म्हणाला. कदाचित त्याचे खरेही ठरेल. किंमत वाढणारच नाही असे आम्ही लिहून देत नाही. पण हाती न लागलेल्या घराने आजवर कोणाचे शेत गेलेले नाही, आणि हप्त्याने गेलेली शेते आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

तेव्हा बंधूंनो, रंगीत कागद घेऊन कोणी दारी आला तर त्याला पाणी द्या, गूळ द्या, आणि बसवून घ्या. मग घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला पाटी आणायला सांगा, आणि त्याच्यासमोर तिच्याकडून हिशेब मांडून घ्या: खरी किंमत किती, हाती येणारे भाडे किती, हप्ता किती. पोरीची बेरीज संपेपर्यंत जो थांबेल, त्याच्याशी पुढचे बोलावे. जो घाई करील, त्याला निरोप द्यावा.